वाटसरूचा हक्क : भारतीय रस्त्यांच्या सांस्कृतिक इतिहासाची प्रस्तावना

रस्त्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा बांधणाऱ्याच्या नावाने सांगितला जातो. शेरशहाची सडक, इंग्रजांनी काढलेला बोरघाट, अमक्या सरकारच्या काळातला महामार्ग. शाळेच्या पुस्तकात तो तसाच येतो आणि कोनशिलेवरही तसाच कोरलेला असतो. या पुस्तकात तोच इतिहास चालणाऱ्याच्या बाजूने मांडला आहे. घरापासून दूर, ओळखपाळख नसलेल्या मुलखातून जाणाऱ्या माणसाला रस्त्याने काय दिले? सावली दिली का? पाणी दिले का? रात्री पाठ टेकायला जागा दिली का? आणि या सगळ्याच्या आधीचा प्रश्न म्हणजे, त्याला तिथून चालू तरी दिले का?

हे प्रश्न या देशाला नवे नाहीत. राज्याभिषेकाला पंचवीसहून अधिक वर्षे झाल्यावर अशोकाने आपल्या कामाचा जो हिशेब स्तंभावर कोरवला, त्यात रस्त्यांचा उल्लेख आहे. तो मुख्यतः माणसांना आणि जनावरांना सावली मिळावी म्हणून लावलेल्या वडांचा आहे. आमराया, ठरावीक अंतरावर खणलेल्या विहिरी, विसाव्याच्या जागा आणि पाणपोया यांचा आहे. एवढ्या मोठ्या साम्राज्याचा धनी रस्त्यावरच्या आपल्या कामगिरीत झाडे आणि पाणी मोजतो, आणि माणसांच्या बरोबरीने जनावरांचे नाव घेतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

असाच एक हिशेब आपल्या नाशिकला आहे. पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. भरुकच्छ म्हणजे भडोच, दशपूर म्हणजे मंदसोर, नाशिकजवळचे गोवर्धन आणि शूर्पारक म्हणजे आजचे नालासोपारा, या चार ठिकाणी त्याने प्रवाशांसाठी निवारे बांधले. इबा, पारदा, दमण, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर नावा ठेवल्या, आणि त्यांतून उतारूंना फुकट पलीकडे नेण्याची सोय केली. नद्यांच्या दोन्ही काठांवर बसायच्या जागा आणि पाणपोया केल्या. पश्चिम किनाऱ्यावरून जाणारी वाट जिथे जिथे पाण्यापाशी अडत होती, ती नेमकी ठिकाणे या लेखात आली आहेत. दान करणाऱ्याला वाटसरूची अडचण कुठे आहे हे नीट ठाऊक होते. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वीच्या या लेखात पाणपोई, धर्मशाळा आणि नाव यांची जी सांगड आहे, तीच पुढे आपल्या रस्त्यांची ओळख झाली.

या वाटा किती लांबच्या होत्या ते बौद्ध वाङ्मयात दिसते. सुत्तनिपातात गोदावरीकाठी राहणाऱ्या बावरी नावाच्या ब्राह्मणाची कथा आहे. त्याचे सोळा शिष्य बुद्धाला प्रश्न विचारायला उत्तरेकडे निघतात. वाटेतली गावे तिथे क्रमाने येतात: प्रतिष्ठान म्हणजे पैठण, माहिष्मती, उज्जयिनी, विदिशा, कौशांबी, साकेत, श्रावस्ती, आणि पुढे वैशालीवरून राजगृहाकडे. दक्षिणापथ म्हणतात तो हाच. मनातल्या शंकेचे उत्तर हवे म्हणून माणसे गोदावरीपासून गंगेपलीकडे चालत गेली. मालाइतकेच विचारांचेही दळणवळण या वाटेने झाले आणि महाराष्ट्र उत्तरेशी प्रथम जोडला गेला तो असा.

पैठण आणि जुन्नरकडून कोकणातल्या बंदरांकडे उतरणाऱ्या घाटवाटांनी दुसरे दळणवळण घडवले. नाणेघाटात आजही पायाखाली फरसबंदी आहे, घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे, आणि गुहेत सातवाहन राणी नागनिकेचा यज्ञांची आणि दानांची नोंद करणारा लेख आहे. या रांजणात जकातीची नाणी पडत, असे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. राजघराण्याने आपल्या वैभवाचा लेख राजधानीत न कोरता भर वाटेवर कोरला, कारण येणारा-जाणारा प्रत्येक व्यापारी, प्रत्येक हमाल आणि प्रत्येक भिक्षू तिथून जाणार होता. कार्ले, भाजे, बेडसे आणि जुन्नरची लेणीदेखील घाटवाटांच्या आसपासच आहेत. भिक्षूंना भिक्षा आणि दाते हवे होते, तांड्यांना निवारा हवा होता. सह्याद्रीतल्या लेण्यांचा नकाशा आणि घाटवाटांचा नकाशा एकमेकांवर ठेवला की धर्म आणि व्यापार एकाच वाटेने कसे चालले ते उघड दिसते.

पुढे कित्येक शतके या वाटांवरचे खरे धनी होते बैल आणि ते हाकणारे बंजारे. सतराव्या शतकात हिंदुस्थानभर फिरलेल्या ताव्हेर्निये या फ्रेंच जवाहिऱ्याने दहा-बारा हजार बैलांचे तांडे पाहिल्याचे लिहून ठेवले आहे. समोरून असा तांडा आला की वाटसरूंना तो सरेपर्यंत खोळंबून राहावे लागे. किनाऱ्याचे मीठ देशावर आणि देशाचे धान्य किनाऱ्यावर, हा व्यवहार याच लदेणीवर चालत होता. फौजांची रसद तेच पोहोचवत. एकोणिसाव्या शतकात पक्क्या सडका आणि आगगाडी आली, तसा बैलांच्या पाठीवरचा व्यापार बसला. ज्यांनी शतकानुशतके मुलूख जगवला, त्यांच्यावर १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्याच्या अमलात अनेक ठिकाणी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला गेला. फिरणाऱ्या माणसाकडे संशयाने पाहण्याची सरकारी सवय तेव्हापासून पक्की झाली. रस्ता सुधारला म्हणजे रस्त्यावरच्या सगळ्यांचे भले झाले, असे म्हणणाऱ्यांनी बंजाऱ्यांचा इतिहास वाचावा.

उत्तरेत शेरशहा सुराने जेमतेम पाच वर्षे, १५४० ते १५४५, राज्य केले. सोनारगावापासून सिंधूपर्यंतचा जुना मार्ग त्याने नीट करवला आणि दोन-दोन कोसांवर सराया उभारल्या. अब्बास खान सरवानी या इतिहासकाराने या सरायांचे वर्णन केले आहे. दारापाशी भरलेले पाण्याचे रांजण, हिंदू आणि मुसलमान प्रवाशांसाठी वेगळ्या खोल्या, हिंदूंच्या स्वयंपाकपाण्यासाठी नेमलेले ब्राह्मण, घोड्यांना दाणावैरण. हीच सराई डाकेची चौकीही होती. म्हणजे सत्तेला बातमी आणि वाटसरूला भाकरी एकाच दारात मिळत होती. पुढे मोगलांनी उभारलेले कोसमिनार आजही दिल्ली, हरियाणा, पंजाबच्या शेतांत उभे दिसतात.

अहिल्याबाई होळकरांनी १७६७ ते १७९५ या काळात केलेले काम याच परंपरेतले, पण एका अर्थाने त्याहून मोठे आहे. काशीपासून रामेश्वरापर्यंत त्यांनी घाट, विहिरी, धर्मशाळा, अन्नछत्रे उभी केली. यांतली बहुतेक ठिकाणे होळकरांच्या राज्याबाहेरची होती. जिथून कर मिळणार नव्हता, जिथे आपला हुकूम चालत नव्हता, अशा मुलखातल्या वाटसरूसाठी त्यांनी पैसा खर्चला. नकाशावर हिंदुस्थान एकसंध नव्हता, तेव्हा यात्रेकरूच्या पावलांनी तो जोडलेला होता. त्या पावलांची काळजी घेणारी राज्यकर्ती म्हणून अहिल्याबाईंचे नाव या पुस्तकात मानाने आले आहे.

तरीही जुन्या प्रवासाला सोन्याचा मुलामा देण्याचा माझा हेतू नाही. काशीयात्रेला निघालेल्या माणसाला गाव वेशीपर्यंत पोहोचवायला जाई, कारण तो परतेलच याची खात्री कोणालाच नसे. ठग, पेंढारी, पटकी, पावसात फुगलेल्या नद्या, सगळ्यांची भीती होती. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ साली कर्जफेडीसाठी चार पैसे मिळवायला काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल एवढीच आशा होती. वाटेत बंडाची बातमी कळली, आणि पुढे झाशीच्या वेढ्यात ते सापडले. लुटले गेले, उपाशी राहिले, तरी आईवडिलांसाठी गंगेची कावड घेऊन घरी परतले. त्यांचा ‘माझा प्रवास’ चिंतामण विनायक वैद्य यांनी १९०७ साली प्रसिद्ध केला. सत्तावनच्या हकिकती म्हणून तो सगळे वाचतात. मी तो या पुस्तकासाठी रस्त्याचा ग्रंथ म्हणून वाचला. कुठे उतरलो, काय शिजवले, कोणी ओसरी दिली, कोणी गाठोडे पळवले, हे त्यात ज्या तपशिलाने येते तसे कोणत्याही सरकारी कागदात येत नाही.

बायकांच्या प्रवासाची नोंद शोधणे याहून अवघड. ती जिथे सापडते तिथे मात्र ती हलवून सोडते. पंडिता रमाबाईंचे बालपण चालण्यात गेले. वडील अनंतशास्त्री डोंगरे कुटुंब घेऊन तीर्थांमागून तीर्थे करत, देवळांत पुराण सांगत हिंडले. १८७०च्या दशकातल्या दुष्काळात आईवडील उपासमारीने गेले. रमाबाई आणि भाऊ श्रीनिवास हजारो मैल पायी तुडवत १८७८ साली कलकत्त्याला पोहोचले. वाटेवर जे दुःख दिसले, त्यातूनच पुढची रमाबाई घडली. आणि ज्या बायका कधी फार लांब गेल्याच नाहीत, त्यांच्या मनातला रस्ता ओव्यांत आहे. गी पॉइटवँ आणि हेमा राईरकर यांनी जमवलेल्या लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्यांत माहेरची वाट, मुऱ्हाळी आलेला भाऊ आणि पंढरीची वाट पुन्हापुन्हा येतात. सासुरवाशिणीला तिन्हीसांजेला दिसणारी वाट हा इतिहासाचा पुरावा आहे, असे मी मानतो.

इंग्रजी अमलात रस्त्याचे रूप पालटले. गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत १८३० साली बोरघाटाचा गाडीरस्ता खुला झाला आणि मुंबई-पुण्याचा माल माणसाच्या खांद्यावरून आणि बैलाच्या पाठीवरून चाकावर आला. १८५४ साली डलहौसीने सार्वजनिक बांधकाम खाते काढले. तेव्हापासून रस्ता हे दानधर्माचे काम उरले नाही. तो अंदाजपत्रक, कंत्राट आणि मोजणीचा विषय झाला. यात पुष्कळ भले होते. पूल आले, मैलाचे दगड आले, प्रवाशांसाठी बंगले आले. पण हे रस्ते काढले कोणी, हे कोनशिलांवर शोधून सापडणार नाही. वडारांनी काढले. मातीकाम करणारे माती वडार, गाड्यांतून दगड वाहणारे गाडी वडार, आणि त्यांच्याबरोबर बेलदार. सुरुंग, सुतकी आणि पहार घेऊन या माणसांनी सह्याद्री फोडला. या पुस्तकातले एक संपूर्ण प्रकरण त्यांचे आहे.

त्यांच्याइतकेच दुसरे बांधकामकरी म्हणजे दुष्काळ पडलेले शेतकरी. १८७६ ते १८७८च्या दुष्काळात दख्खनमध्ये सरकारी कामांवर लाखो माणसे खडी फोडत होती. इंग्रज अधिकारी रिचर्ड टेंपलने मजुरी कापली, तेव्हा उपाशी मजुरांनी कामे सोडून निषेध केला आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू सरकारदरबारी मांडली. जवळपास शंभर वर्षांनी, १९७२च्या दुष्काळात, महाराष्ट्राने हेच चित्र पुन्हा पाहिले. मैलोन्‌मैल बायाबापड्या, शाळकरी पोरे, कालपर्यंतचे बागाईतदार रांगेने बसून खडी फोडत होते आणि दुपारी सुकडी खात होते. फरक एवढाच पडला, आणि तो फार मोठा होता, की यातून रोजगार हमी योजना उभी राहिली. काम मागण्याचा हक्क कायद्याने मान्य झाला. मराठवाड्यातल्या, पश्चिम महाराष्ट्राच्या दुष्काळी पट्ट्यातल्या कित्येक रस्त्यांच्या पोटात त्या वर्षीची खडी आहे. त्या हातांचे ऋण आपण कधी मोजलेलेच नाही.

आता सर्वांत कठीण भाग. ज्या देशाने पाणपोया उभ्या केल्या, त्याच देशाने काही माणसांना रस्त्यावर पाऊल टाकू दिले नाही. त्रावणकोरमध्ये १८९३ साली अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातले अय्यंकाली बैलगाडीत बसून सार्वजनिक रस्त्यावरून निघाले, हेच बंड ठरले. त्याच संस्थानात वैकमच्या देवळाभोवतालच्या रस्त्यांवरून अवर्णांना चालता यावे म्हणून १९२४ आणि १९२५ साली सत्याग्रह करावा लागला. देवळात जाण्याची ती मागणी नव्हती. फक्त देवळाजवळच्या रस्त्यावरून जाऊ द्या, एवढेच मागणे होते, आणि त्यासाठी माणसे तुरुंगात गेली.

महाराष्ट्राने याहून वेगळे काही केले नाही. १९०१ साली लहानगे भीमराव आंबेडकर भाऊ आणि भाच्यांबरोबर वडिलांना भेटायला निघाले. वडील खटाव तालुक्यात दुष्काळी कामावरच्या तलावाच्या बांधकामावर खजिनदार होते. मसूर स्टेशनावर उतरल्यावर, ही मुले महार आहेत हे कळताच एकही गाडीवान त्यांना न्यायला तयार होईना. शेवटी दुप्पट भाड्याच्या बोलीवर, मुलांनीच गाडी हाकायची आणि गाडीवानाने पायी चालायचे, असे ठरले. रात्री टोलनाक्यावर मुलांनी पाणी मागितले, ते मिळाले नाही. बरोबर घरचे जेवण भरपूर होते. पाण्यावाचून ते घशाखाली उतरेना, आणि मुले उपाशी झोपली. आंबेडकरांनी ही हकिकत स्वतः लिहून ठेवली आहे. नाणेघाटातला रांजण आणि हा टोलनाका मी नेहमी शेजारी ठेवून पाहतो. दोन्ही ठिकाणी राज्य वाटसरूकडून पैसा घेत होते. त्या बदल्यात घोटभर पाणी कोणाला द्यायचे, हे मात्र जात ठरवत होती.

म्हणूनच १९२३ साली सी. के. बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडलेला ठराव रस्त्यांच्या इतिहासातला महत्त्वाचा टप्पा आहे. सार्वजनिक पैशातून चालणारे पाणवठे, विहिरी आणि धर्मशाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असे त्याने ठरले. महाडचा १९२७चा सत्याग्रह याच ठरावाच्या अंमलबजावणीसाठी झाला. आणि गाडगेबाबांचे काम याच धाग्यात ओवले पाहिजे. हातात खराटा, डोक्यावर गाडगे घेऊन गावोगाव पायी फिरणाऱ्या या माणसाने पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे धर्मशाळा बांधल्या. स्वतः मात्र त्यांत राहिले नाहीत. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा त्यांनी आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीच्या हवाली केली. २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीच्या वाटेवर, वलगावजवळ प्रवासातच त्यांचे देहावसान झाले. धर्मशाळेचे दार कोणाला उघडे असावे, या प्रश्नाचे इतके स्वच्छ उत्तर दुसऱ्या कोणी दिले नाही.

विसाव्या शतकात मोटार आली आणि रस्त्याचा प्रश्न देशपातळीवर गेला. १९२७ साली मुकुंदराव जयकरांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. स्थानिक संस्थांच्या तुटपुंज्या पैशावर रस्ते होणार नाहीत, पेट्रोलवरच्या जादा करातून मध्यवर्ती निधी उभारावा, असे तिने सुचवले आणि १९२९ साली तो निधी अस्तित्वात आला. १९४३च्या डिसेंबरात देशातले मुख्य अभियंते नागपुरात जमले. त्यांनी वीस वर्षांचा आराखडा केला. राष्ट्रीय महामार्ग, राज्यमार्ग, जिल्हा मार्ग, ग्रामीण रस्ते ही आजची विभागणी त्याच नागपूर आराखड्याची. चांगल्या शेतीच्या भागातले कोणतेही गाव मुख्य रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे उद्दिष्ट त्यात होते. महायुद्ध चालू असताना, स्वातंत्र्य दृष्टिपथात नसताना, अभियंत्यांनी खेड्यातल्या माणसाच्या पायांखालचे अंतर मोजले. या दूरदृष्टीबद्दल मला मनापासून आदर आहे.

पण डांबराची पट्टी गावापर्यंत पोहोचणे वेगळे आणि गावातला माणूस तिच्यावरून जाऊ शकणे वेगळे. ते दुसरे काम महाराष्ट्रात एसटीने केले. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली गाडी सुटली. तोवर खाजगी मोटारवाला वाटेल तेव्हा गाडी सोडत असे आणि वाटेल तिथे माणूस उतरवत असे. एसटीने वेळापत्रक दिले, तिकीट दिले, आणि एका बाकावर पाटील, महार, ब्राह्मण, मुसलमान, सुईण आणि मास्तर यांना शेजारी बसवले. शिवाशिव मोडायचा एवढा शांत आणि एवढा रोजचा कार्यक्रम महाराष्ट्रात दुसरा झाला नाही. तालुक्याच्या शाळेत शिकणाऱ्या पोराचा जेवणाचा डबा एसटीने पोहोचवला, वर्तमानपत्राचा गठ्ठा पोहोचवला. मुक्कामी गाडी गावात आली की पहाटे बाजारला, दवाखान्याला, कोर्टाला जाणाऱ्याची सोय झाली. खेड्यातल्या मुलींना शाळेसाठी मोफत पास मिळतो, त्या योजनेला अहिल्याबाई होळकरांचे नाव आहे. दोनशे वर्षांच्या अंतरावरून जुळलेले हे नाते यथायोग्य आहे. आता पंचाहत्तरी ओलांडलेल्यांना मोफत आणि स्त्रियांना निम्म्या तिकिटात प्रवास मिळतो. कित्येक बायका त्यामुळे प्रथमच स्वतःच्या मर्जीने घराबाहेर पडल्या.

चालणे मात्र या देशाने सोडले नाही. मिठाच्या कायद्याविरुद्ध गांधीजी १९३० साली साबरमतीहून दांडीपर्यंत चालले. विनोबा १९५१ साली पोचमपल्लीहून भूदानासाठी निघाले आणि वर्षानुवर्षे चालतच राहिले. आणि आषाढी वारी. तुकोबांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी सतराव्या शतकाच्या अखेरीस पालखीची प्रथा घातली. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात माउलींच्या सोहळ्याला शिस्त दिली. दरवर्षी लाखो माणसे दिवेघाट चढतात. वाटेवरची गावे त्यांच्यासाठी पिठले-भाकरी करतात, पाय चेपून देतात, ओसऱ्या मोकळ्या करतात. परक्या माणसाचे आपण काही देणे लागतो, ही जाणीव वारीच्या वाटेवर अजून जिवंत आहे. पालखी मार्ग आता राष्ट्रीय महामार्ग झाले आहेत आणि त्यांच्या कडेने वारकऱ्यांसाठी पायवाट आखली आहे. आधुनिक महामार्गाच्या आराखड्यात चालणाऱ्याला मुद्दाम जागा ठेवली गेली, याचे स्वागत केले पाहिजे आणि हा पायंडा सगळीकडे पडला पाहिजे.

कारण बाकी चित्र वेगळे आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग, ५,८४६ किलोमीटरचा सुवर्ण चतुष्कोन, ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग, ही मोठी कामे आहेत. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेने असंख्य वाड्यावस्त्यांपर्यंत बारमाही रस्ता नेला, हे काम तर माझ्या लेखी सर्वांत मोठे. पण याच रस्त्यांवर २०२२ या एका वर्षात १ लाख ६८ हजारांहून अधिक माणसे मेली. त्यांत जवळजवळ दर पाचवा माणूस पायी चालणारा होता. रुंदीकरणात शंभर-शंभर वर्षांचे वड तुटले. महामार्गाने गाव दुभंगले आणि पलीकडच्या शेतात जायला बाईला जीव मुठीत धरून सहा पदर ओलांडावे लागतात. ट्रक चालवणारा माणूस देशाचे धान्य, औषधे, सिमेंट वाहतो. त्याला आसरा उरला तो ढाब्यावरच्या बाजेचा.

जखमीला उचलायला माणसे घाबरतात, कारण पोलिसांचा ससेमिरा लागेल अशी भीती असते. २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्याला संरक्षण देणारी नियमावली बंधनकारक केली आणि २०१९च्या दुरुस्तीने ती मोटार वाहन कायद्यात आली. अशोकाच्या देशात अनोळखी माणसाला पाणी पाजायला कायद्याचे कवच लागावे, ही वेदना आहे; ते कवच मिळाले, हा दिलासाही आहे. २०२०च्या टाळेबंदीत हजारो मजूर महामार्गांवरून घराकडे चालत निघाले. जालन्याहून निघालेले सोळा जण करमाडजवळ रुळांवर थकून झोपले आणि मालगाडीखाली गेले. त्याच दिवसांत महामार्गालगतच्या कित्येक गावांनी चालणाऱ्यांसाठी भाकरी भाजल्या, पाण्याचे टँकर उभे केले, चपला वाटल्या. रस्त्याच्या दोन्ही परंपरा, नाकारण्याची आणि आधार देण्याची, त्या काही आठवड्यांत आपल्या डोळ्यांसमोर होत्या.

या पुस्तकाचे चार भाग आहेत. पहिल्या भागात प्राचीन पथ, घाटवाटा आणि दानाची परंपरा येते. दुसऱ्यात तांडे, यात्रा आणि प्रवासवर्णने. तिसरा भाग रस्ते बांधणाऱ्यांचा आणि रस्त्यासाठी लढणाऱ्यांचा आहे. पुस्तकाचा कणा तोच. चौथ्या भागात मोटार, एसटी, ट्रक आणि महामार्ग आहेत. शिलालेख, गॅझेटियर, आत्मचरित्रे, ओव्या, सरकारी अहवाल आणि रस्त्यावर आयुष्य घालवलेल्या माणसांच्या आठवणी, हे सगळे मी एकाच मोलाचे मानले आहे.

हे लिहिण्यामागे एक आग्रह आहे आणि तो मी लपवत नाही. रस्त्याच्या अंदाजपत्रकात खडी, डांबर आणि सिमेंट यांना जसा हक्काचा रकाना असतो, तसाच सावलीला, पिण्याच्या पाण्याला, पदपथाला, बायकांसाठी स्वच्छ स्वच्छतागृहाला आणि ट्रकचालकाच्या झोपेला असावा. तो उपकार म्हणून नसावा. अशोकाने तो खर्च आपल्या कामात धरला, उषवदाताने धरला, अहिल्याबाईंनी स्वतःच्या राज्याबाहेर धरला; अय्यंकाली, आंबेडकर आणि वैकमच्या सत्याग्रहींनी त्यावरचा प्रत्येकाचा हक्क मिळवून दिला. जे राज्य टोल घेते, त्याने वाटसरूचे हे देणे चुकते करावे. वाचकाने पुढच्या प्रवासात आपल्या रस्त्याकडे या नजरेने पाहिले आणि जिथे या गोष्टी कमी दिसतील तिथे त्या मागितल्या, तर या पुस्तकाचे काम झाले.